दिवस कसे राहतात? फलनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ-लालबाग भागात तीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. 'मानवी प्रजनन'चा धडा आला की टेबलावर बुटांचा रिकामा खोका ठेवायचे आणि पोरं त्यात निनावी चिठ्ठ्या टाकायची. आता निवृत्त झाले आणि खोक्याची जागा व्हॉट्सॲपने घेतली. जुन्या विद्यार्थिनी विचारतात, त्यांच्या जावा-नणंदा विचारतात, एकदा एका सासूबाईंनीही विचारलं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचं जिथे येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

आधी एक सांगते. या प्रश्नांमधला निम्मा गोंधळ तारखांचा असतो. पाळीची तारीख, संबंधाची तारीख, फलनाची तारीख आणि गर्भ रुजण्याची तारीख या चारही वेगवेगळ्या असतात. लोक त्या एकच समजून चालतात.

१. फलन म्हणजे नेमकं काय? ते गर्भाशयातच होतं ना?

शुक्रपेशी आणि अंडपेशी एकजीव होणं म्हणजे फलन. ते गर्भाशयात होत नाही. बारावीच्या पेपरात निम्मा वर्ग इथेच गुण घालवायचा. अंडाशयातून सुटलेली अंडपेशी अंडनलिकेच्या, म्हणजे दवाखान्यात जिला 'ट्यूब' म्हणतात तिच्या, झालरीसारख्या तोंडात ओढली जाते. ही नळी जेमतेम १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. तिचा अंडाशयाकडचा जो रुंद भाग आहे, तिथे दोघांची गाठ पडते. फलित झालेली पेशी मग तीन-चार दिवस नळीतून गर्भाशयाकडे सरकत राहते. ट्यूब उघडी आहे की बंद, याला डॉक्टर एवढं महत्त्व देतात ते यामुळे (प्रश्न १३ आणि १४ पाहा).

२. चौदाव्या दिवशीच दिवस राहतात ना? मग बाकीचे दिवस सुरक्षित?

चौदावा दिवस हा पाठ्यपुस्तकातला दिवस आहे. ज्या बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते, तिच्यासाठी तो ढोबळमानाने बरोबर. खरं गणित उलट बाजूने मांडायचं असतं. अंडपेशी सुटल्यानंतर पुढची पाळी साधारण चौदा दिवसांनी येते. अंडं सुटण्याआधीचा काळ मात्र प्रत्येकीचा वेगळा, आणि एकाच बाईचाही दर महिन्याला वेगळा असू शकतो. परीक्षा, आजारपण, रात्रपाळी, वजनातले चढउतार यांपैकी कशानेही तो लांबतो. पस्तीस दिवसांनी पाळी येत असेल, तर अंडं एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. चोवीस दिवसांनी येत असेल, तर दहाव्या.

सुटलेली अंडपेशी १२ ते २४ तास टिकते, त्याहून जास्त नाही. शुक्रपेशी मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. अंडं सुटण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या मुखाशी येणारा स्राव पातळ, पारदर्शक आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा असतो. त्यात ती निभावते. तेव्हा दिवस राहू शकतील असा काळ साधारण सहा दिवसांचा असतो. अंडं सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा एक.

'बाकीचे दिवस सुरक्षित' म्हणणाऱ्यांची अडचण अशी, की अंडं नेमकं कधी सुटलं ते कॅलेंडरवरून पाळी आल्यावरच कळतं, म्हणजे दोन आठवडे उशिरा. कॅलेंडरवर फुल्या मारून कुटुंब नियोजन करणाऱ्या कितीतरी घरांत मी बारशाचे पेढे खाल्ले आहेत.

३. म्हणजे संबंध आला त्याच रात्री दिवस राहतात असं नाही?

तसं क्वचितच होतं. एक उदाहरण घेऊ. हेच कॅलेंडर पुढेही लागणार आहे.

पाळी आली १ मार्चला. संबंध आला १३ मार्चच्या रात्री. अंडं सुटलं १५ मार्चला आणि त्याच दिवशी फलन झालं. तोवर शुक्रपेशी दोन दिवस आत वाट पाहत होत्या. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला २४ मार्चच्या आसपास. पाळी यायला हवी होती २९ मार्चला, ती चुकली. आता 'दिवस कधी राहिले' याचं उत्तर काय द्याल? नवरा १३ म्हणेल, मी १५ म्हणेन, २४ म्हणणारेही डॉक्टर भेटतील आणि केसपेपरवर १ मार्च लिहिलेलं असेल. आपापल्या जागी सगळेच बरोबर.

४. कोट्यवधी शुक्रपेशी धावतात आणि जी पहिली पोहोचते ती जिंकते, हे खरं का?

शर्यतीची ही गोष्ट मला मुळीच आवडत नाही, आणि ती चूकही आहे.

आकड्यांपासून सुरू करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एका वेळच्या वीर्यात एकूण ३ कोटी ९० लाख शुक्रपेशी ही खालची मर्यादा धरतात. अनेकांत त्या कितीतरी जास्त असतात. यातल्या बहुतेक योनीमार्गातल्या आम्लात संपतात किंवा बाहेर वाहून जातात. काही गर्भाशयमुखाच्या स्रावात अडकतात, काहींना गर्भाशयातल्या पांढऱ्या पेशी परके समजून गिळतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच चुकीच्या नळीत शिरतात, कारण अंडं त्या महिन्यात बहुधा एकाच बाजूला सुटलेलं असतं. दादरच्या पुलावर गर्दीने लोटल्यावर माणूस वेस्टर्नऐवजी सेंट्रलच्या फलाटावर उतरतो ना, तसंच. अंडपेशीच्या जवळपास पोहोचतात त्या फार तर काहीशे.

आता वेगाचं. काही शुक्रपेशी काही मिनिटांत नळीपर्यंत जातात. पण ती पोहण्याची करामत नाही, गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि त्या वर ढकलल्या जातात. या पहिल्या पोहोचलेल्यांचा फलनासाठी काही उपयोग होत नाही. ताजी शुक्रपेशी अंडपेशीत शिरूच शकत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावर तिच्या आवरणात बदल होतात, शेपटी जोरात फटके मारू लागते आणि मग ती कामाची होते. हे १९५१ साली चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं. त्याआधी लोक शरीराबाहेर फलन घडवायचे प्रयत्न करत होते आणि ते का फसतात हे कळत नव्हतं.

अंडपेशीही नुसती वाट बघत बसलेली नसते. तिच्याभोवतीच्या पेशींमधून पाझरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक शुक्रपेशींना चेतवतं. नळीच्या आतल्या केसांसारख्या लवांची हालचाल आणि द्रवाचा प्रवाह दिशा देतो. बरं, मग या शर्यतीच्या गोष्टीत शुक्रपेशीच नायक का? मला वाटतं, ती आधी दिसली म्हणून. लेव्हेनहुकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रपेशी पाहिल्या त्या १६७७ मध्ये. सस्तन प्राण्याची अंडपेशी फॉन बेअरला सापडली १८२७ मध्ये, तीही कुत्रीची. दीडशे वर्षं रंगमंचावर एकच पात्र होतं.

५. एक शुक्रपेशी आत गेली की दुसरी का जात नाही?

अंडपेशीभोवती एक जाड पारदर्शक आवरण असतं. शुक्रपेशीच्या डोक्यावर विकरांची (एन्झाइम्सची) टोपीसारखी पिशवी असते, ती फुटते आणि शुक्रपेशी आवरणातून वाट काढते. आत अंडपेशीच्या पडद्याला ती चिकटते तेव्हा दोन प्रथिनं एकमेकांना धरतात. शुक्रपेशीवरचं इझुमो आणि अंडपेशीवरचं जुनो. इझुमो २००५ मध्ये जपानात सापडलं आणि लग्न जुळवणाऱ्या तिथल्या देवस्थानाचं नाव त्याला दिलं. त्याची जोडीदार २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये सापडली, तिला रोमन विवाहदेवतेचं नाव मिळालं. शास्त्रज्ञांनाही कधीकधी गंमत सुचते.

एकदा जोड झाली की अंडपेशी आपल्या पडद्यावरचं जुनो झटकून टाकते. पडद्याखालच्या बारीक पिशव्या फुटून बाहेरचं आवरणही टणक होतं. नंतर आलेल्यांना चिकटायला जागाच उरत नाही.

ही व्यवस्था कधीकधी चुकते. दोन शुक्रपेशी शिरल्या तर ४६ च्या जागी ६९ गुणसूत्रं होतात आणि असा गर्भ जवळजवळ नेहमीच टिकत नाही (प्रश्न ८ मध्ये एक विलक्षण अपवाद आहे).

६. आत शिरल्यावर लगेच बाळाची पेशी तयार होते का?

लगेच नाही, जवळपास एक दिवस जातो. अंडपेशीचं स्वतःचं शेवटचं विभाजन अर्धवट थांबलेलं असतं. शुक्रपेशी शिरल्यावर पेशीत कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि मगच ते पूर्ण होतं. जास्तीची गुणसूत्रं एका चिमुकल्या पेशीत बाहेर टाकली जातात. मग आईची २३ आणि वडिलांची २३ गुणसूत्रं दोन वेगळ्या गोलांत दिसतात. प्रयोगशाळेत १६ ते १८ तासांनी हे दोन गोल शोधतात आणि दिसले की 'फलन झालं' म्हणतात. साधारण दुसऱ्या दिवशी एकाच्या दोन पेशी होतात, तिसऱ्या दिवसापर्यंत आठ, पाचव्या दिवशी पोकळ चेंडू. हा चेंडू आवरण फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात शिरतो. बहुतेक वेळा हे अंडं सुटल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवशी होतं.

पेशीतलं ऊर्जाकेंद्र, म्हणजे तंतुकणिका, आपल्याला आईकडूनच मिळतात. शुक्रपेशीच्या तंतुकणिका आत जातात, पण तिथे नष्ट केल्या जातात.

७. मुलगा होणार की मुलगी हे कोणावर असतं? सम-विषम दिवसांचं काही खरं आहे का?

अंडपेशीत नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. वाय आलं तर मुलगा, एक्स आलं तर मुलगी. बाईकडे देण्यासारखं दुसरं काही नसतंच. हे मी वर्गात फळ्यावर काढायचे तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, "बाई, हे चित्र आमच्या आजीला दाखवायला पाहिजे." चित्र वहीत काढून घेऊन गेलीही.

सम दिवस, विषम दिवस, अमावास्या, कूस, आहार यांतल्या कशालाही आधार नाही. वाय शुक्रपेशी वेगाने पोहतात हीही जुनी समजूत आहे, तपासण्यांत टिकली नाही.

बाकी कायद्याचं. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा फोफावला. त्याविरुद्ध चळवळ झाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. २००३ मधल्या दुरुस्तीने गर्भधारणेआधी लिंग निवडण्यावरही बंदी आली. त्यामुळे 'आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेरच्या फलनात, प्रश्न १६) तरी मुलगा निवडता येईल का' या प्रश्नाचंही उत्तर नाही हेच आहे. हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. हे मला विचारू नका.

८. जुळी कशी होतात?

एका महिन्यात दोन अंडी सुटली आणि दोन्ही फलित झाली, तर सारखी न दिसणारी जुळी होतात. ती एका वेळी जन्मलेली साधी भावंडंच. हे आईच्या माहेरच्या घराण्यात चालत आलेलं असू शकतं, वयाबरोबर वाढतं आणि अंडी वाढवणाऱ्या औषधांनीही. फलित झालेला एकच गर्भ सुरुवातीच्या दिवसांत दुभंगला तर एकसारखी जुळी. याला घराण्याचा नियम सहसा लागू होत नाही.

प्रश्न ५ मधला अपवाद असा. एका अंडपेशीत दोन शुक्रपेशी शिरल्या आणि तरीही गर्भ दुभंगून जुळी जगली. आईकडून सारखी, वडिलांकडून काही अंशीच सारखी. अशा जुळ्यांची एक जोडी अमेरिकेत आढळल्याचं २००७ मध्ये आणि एक ऑस्ट्रेलियात आढळल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

९. संबंधानंतर तीन-चार दिवसांनी घरी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. सुटले का?

नाही. पट्टी ज्या संप्रेरकावर रंग दाखवते, ते गर्भ रुजल्यावरच रक्तात आणि मग लघवीत येतं. प्रश्न ३ चं कॅलेंडर बघा. १३ मार्चचा संबंध, २४ ला रुजणं. १७ मार्चला केलेली टेस्ट काय दाखवणार? पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीने करा. निगेटिव्ह आली आणि पाळी आलीच नाही, तर आठवड्याने पुन्हा.

१०. नवरा बोटीवरून येऊन महिना झाला आणि सोनोग्राफीत सहा आठवड्यांचा गर्भ सांगितला. घरात वाद पेटला आहे. हे कसं शक्य आहे?

हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कधी नवरा मर्चंट नेव्हीत असतो, कधी दुबईला. प्रत्येक वेळी लिहिणाऱ्या बाईचा हात थरथरत असावा असं वाटतं. म्हणून सविस्तर सांगते.

डॉक्टर गर्भाचं वय फलनापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तेवढी एकच तारीख बाईला नक्की माहीत असते. त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात पहिले दोन आठवडे असे असतात, ज्यांत गर्भ अस्तित्वातच नसतो. सोनोग्राफीचं मशीनही गर्भाची लांबी मोजून त्याच पद्धतीचे आठवडे दाखवतं.

आपलंच कॅलेंडर घ्या. पाळी १ मार्च. नवरा घरी आला १२ मार्चला. फलन १५ ला. १२ एप्रिलला सोनोग्राफी केली तर कागदावर येतील ६ आठवडे, आणि गर्भाचं खरं वय असेल ४ आठवडे. १ मार्चला नवरा समुद्रात होता हे खरं, पण १ मार्चला गर्भही नव्हता. कागद घेऊन दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा आणि नवऱ्यासमोरच हा प्रश्न विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रसूतीची तारीखही अशीच काढतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. १ मार्चला ८ डिसेंबर येते. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणायच्या. पाळीपासून मोजलं तर त्यांचा हिशेब दोनच दिवसांनी पुढे जातो.

११. संबंध पूर्ण झाला नाही, किंवा पाळी चालू असताना झाला. तरी राहू शकतं?

दोन्हींत राहू शकतं. वीर्यपतनाआधी येणाऱ्या द्रवात काही पुरुषांमध्ये जिवंत शुक्रपेशी आढळतात, आणि 'वेळेवर बाहेर' हा बेत वेळेवर पार पडेलच याची खात्री नसते. पाळीच्या शेवटच्या दिवसांतला संबंध, लवकर सुटलेलं अंडं आणि शुक्रपेशीचे पाच दिवस (प्रश्न २) यांचं गणितही जुळू शकतं.

पोहण्याचा तलाव, स्टेशनवरचं शौचालय, एकाच बादलीतले कपडे, चुंबन यांनी नाही राहत. पहिल्याच वेळी, उभ्याने, नंतर लगेच धुतलं तरी, या तिन्हींत राहतं.

१२. ७२ तासांची गोळी घेतली तर गर्भ पडतो का?

नाही. संबंधानंतर तातडीने घ्यायची ही गोळी गर्भपाताची नव्हे. तिच्यातलं लेव्होनॉरजेस्ट्रेल मुख्यतः अंडं सुटणं लांबवतं, म्हणजे आत थांबलेल्या शुक्रपेशींना अंडं भेटतच नाही. म्हणून ती जितकी लवकर घ्याल तितकी बरी. ७२ तास ही शेवटची गाडी आहे, तिची वाट बघू नका. अंडं सुटण्याची प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर गोळी चालत नाही. गर्भ आधीच रुजला असेल तर त्याला ती काही करत नाही.

दोन गोष्टी मेडिकलवाला सांगत नाही. गोळीनंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर ती त्याला पुरत नाही, उलट लांबलेलं अंडं तेव्हाच सुटू शकतं. आणि पुढची पाळी मागेपुढे होते. तीन आठवड्यांत आली नाही तर टेस्ट करा. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणं हा गोळीपेक्षा खात्रीचा उपाय आहे. तिचं तांबं मुख्यतः शुक्रपेशींना निकामी करतं.

दिवस राहिलेच आणि नको असतील, तर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर कायदेशीर गर्भपात होतो. काही ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मतावर २४ पर्यंत. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते, कायद्याने नवऱ्याची सही लागत नाही.

१३. वर्ष झालं, राहत नाही. आधी कोणाची तपासणी करायची?

दोघांची, एकाच वेळी. आपल्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या, डाय टाकून एक्स-रे, प्रसंगी दुर्बीणसुद्धा होऊन जाते, आणि मग कधीतरी नवऱ्याचं वीर्य तपासायचं सुचतं. ती तपासणी सगळ्यात स्वस्त आणि कुठेही न टोचणारी. दोन ते सात दिवस संबंधाविना राहून नमुना द्यायचा. अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं. अहवाल वाईट आला तर लगेच खचू नका. शुक्रपेशी तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आजच्या नमुन्यात दिसतो तो अडीच महिन्यांपूर्वीचा ताप, तंबाखू किंवा भट्टीजवळचं काम. वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, हे बेकरीत आणि बॉयलरवर काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

बाईकडची नेहमीची कारणं म्हणजे अंडं नियमित न सुटणं, ज्यात पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार आला, आणि ट्यूब बंद असणं. आपल्या देशात ट्यूब बंद पडण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, कधीकधी पाळीही व्यवस्थित, आणि आत नळी चिकटलेली. लहानपणी टीबी झाला असेल किंवा घरात कोणाला झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

वर्षभर थांबायचं हा नियम पस्तिशीच्या आतल्या बाईसाठी. पस्तिशीनंतर सहा महिन्यांत दाखवावं. पाळीच अनियमित असेल तर त्याआधीही.

१४. माझी एकच ट्यूब आहे. म्हणजे एक महिना सोडून एक महिना?

अंडाशयं पाळी लावून काम करत नाहीत. कोणत्या महिन्यात कुठून अंडं सुटेल याचा ठरलेला क्रम नसतो. शिवाय नळीचं तोंड अंडाशयाला जोडलेलं नसतं, ते मोकळं हलतं. उजवीकडून सुटलेलं अंडं डाव्या नळीने उचलल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. दुसरी ट्यूब निरोगी असेल तर आशा चांगली असते.

१५. 'ट्यूबमध्ये राहिलं' म्हणजे काय? तिथून काढून गर्भाशयात लावता येत नाही का?

फलन नळीतच होतं (प्रश्न १), पण गर्भ पुढे सरकला नाही तर तिथेच रुजतो. नळी ताणली जाते आणि फुटू शकते. पाळी चुकलेली, एका बाजूला ओटीपोटात दुखणं, थोडं रक्त जाणं, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काही असेल तर रात्र काढू नका. लोकलही नको, रिक्षा किंवा रुग्णवाहिका करून जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आतल्या रक्तस्रावाने जीव जातो.

गर्भ तिथून उचलून गर्भाशयात लावता येत नाही. लवकर कळलं तर इंजेक्शनने, नाहीतर शस्त्रक्रियेने तो काढावा लागतो.

१६. टेस्ट ट्यूब बेबी खरंच नळीत वाढते का? पहिली आपल्या मुंबईतलीच ना?

नळीत नाही, एका चपट्या बशीत, आणि तेही तीन किंवा पाच दिवस. आधी इंजेक्शनं देऊन अंडी वाढवतात, सुईने बाहेर काढतात, शुक्रपेशींबरोबर ठेवतात, फलन झालं का पाहतात (प्रश्न ६) आणि गर्भ गर्भाशयात सोडतात. शुक्रपेशी फारच कमी असतील तर एकच निवडून बारीक सुईने अंडपेशीत घालतात. त्याला इक्सी म्हणतात, त्यातून झालेल्या पहिल्या बाळांची नोंद १९९२ ची.

मुंबईचं म्हणाल तर अभिमान वाटण्यासारखंच आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून बाळ जन्माला आलं. त्यामागे परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं. आमच्या कॉलेजात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पण देशातलं पहिलं बाळ त्याआधी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात जन्मलं होतं, जगातलं पहिलं बाळ इंग्लंडमध्ये जन्मल्यानंतर काही आठवड्यांतच. ते करणाऱ्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे त्यांच्या वह्या वाचून पहिलेपणाचा मान त्यांचाच, असं १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं ते आनंद कुमार यांनी. स्वतःचा मान सोडून देणारा हा माणूस मला जास्त मोठा वाटतो.

आता २०२१ च्या कायद्याने या उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असं ठरलं आहे.

१७. वयाचा एवढा बाऊ का करतात? पाळी तर पन्नाशीपर्यंत येते.

बाईची अंडी आयुष्यात नव्याने बनत नाहीत. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडे साठ-सत्तर लाख अंडपेशी असतात. जन्मताना दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि त्यातल्या सुटतात चार-पाचशे. म्हणजे तुम्ही ज्या अंडपेशीपासून झालात, ती तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात असतानाच तयार झाली होती. ती पेशी इतकी वर्षं विभाजन अर्धवट ठेवून थांबलेली असते. जितकी जास्त वर्षं, तितकी गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होण्याची शक्यता. डाउन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या वयाबरोबर वाढतं त्याचं कारण हेच. पस्तिशीनंतर उतार तीव्र होतो. पुरुषाचं वयही निर्धास्त नसतं, पण त्याच्याकडे माल रोज ताजा बनतो.

१८. द्राक्षगर्भ म्हणजे काय? दृष्ट लागून होतो का?

दृष्टीचा काही संबंध नाही. यातल्या एका प्रकारात अंडपेशीतली आईची गुणसूत्रंच हरवलेली असतात. शुक्रपेशी अशा रिकाम्या अंड्यात शिरते आणि बहुधा स्वतःच्याच गुणसूत्रांची दुप्पट करते. बाळ बनत नाही, वारेच्या उती द्राक्षांच्या घोसासारख्या फुगत जातात. टेस्ट पॉझिटिव्ह येते, उलट्या जास्त होतात, सोनोग्राफीत कळतं. तो काढून टाकावा लागतो आणि नंतर काही महिने रक्त तपासत राहावं लागतं, कारण क्वचित त्याचा कर्करोग होतो. डॉक्टर सांगतील तोवर पुन्हा दिवस राहू देऊ नका.

१९. टेस्टवर फिकट रेष आली आणि चार दिवसांनी पाळीच आली. मी जिने चढले म्हणून असं झालं का?

नाही. गर्भ रुजला आणि लगेच थांबला, एवढंच. फलित झालेल्या अंडपेशींपैकी बऱ्याच बाळापर्यंत पोहोचतच नाहीत. अनेकदा त्यांच्या गुणसूत्रांत चूक असते, आणि पाळी दोन दिवस लांबली यापलीकडे बाईला काही कळतही नाही. पूर्वी पट्ट्या नव्हत्या, म्हणून ही रेष कोणाला दिसायची नाही. लोकलमध्ये उभं राहणं, चाळीचे जिने, पपईची फोड, ऑफिसात झालेलं भांडण यांतलं काही याचं कारण नव्हे. असं पुन्हा पुन्हा झालं तर मात्र दाखवा.

२०. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल होत नाही का?

होतं. लग्न जमवताना आलेल्या या प्रश्नाला मी इतक्यांदा उत्तर दिलं आहे की मोजणं सोडलं. ए, बी, ओ गटांचा फलनाशी संबंध नाही. बघायचं ते आरएच, म्हणजे गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल, तर मूल होण्यात अडचण येत नाही. पण बाळ पॉझिटिव्ह निघालं तर पुढच्या गरोदरपणाला धोका असतो. त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन असतं, ते गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भपात झाला तरी लागू शकतं, आणि तिथेच ते बहुधा राहून जातं.

रक्त तपासणारच असाल तर दोघांचीही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठी एचबीए-२ तपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो.